देवघरातला दिवा कोणत्या भाषेत लावायचा?

आमच्या घरात चार भाषा नांदतात. आई मराठीखेरीज दुसरे काही मनापासून बोलत नाही. आम्ही दोघे घरात मराठी आणि ऑफिसात गुजराती. मुलगी वर्गात मराठी, मैत्रिणींशी हिंदी आणि रागावली की इंग्रजी. कामाला येणाऱ्या बेन अस्सल गुजराती. वडोदऱ्यातल्या मराठी घरांना यात काही नवल वाटायचे नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भाजीचा हिशेब गुजरातीत होतो, भांडण मराठीत होते आणि क्रिकेटची मॅच हिंदीत ऐकली जाते. कोणी कोणाला कधी "माझ्या भाषेत बोल" म्हणून अडवले नाही.

अडवले ते दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, आणि तेही एका डबीएवढ्या यंत्राने.

आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. गुडघे आधीपासूनच कुरकुरत होते. रात्री उठून भिंतीवरचे बटण चाचपडण्यापेक्षा तोंडाने सांगितले की दिवा लागावा, एवढीच आमची इच्छा. म्हणून चार स्मार्ट दिवे, दोन प्लग आणि बोलून हुकूम द्यायचा एक स्पीकर घेतला. कोणत्या कंपनीचा ते सांगण्याचे कारण नाही. घेतला तेव्हा त्याच्या भाषांच्या यादीत इंग्रजी होती, हिंदी होती. मराठी नव्हती. "हिंदी काय, आईला कळतेच की," असे म्हणून आम्ही तो हिंदीवर ठेवला आणि आमच्या मते काम संपले.

पहिल्याच संध्याकाळी दिवेलागणीला आईने त्याला हाक मारली. ती हाकही इंग्रजी नावाने मारायची, म्हणून आधीच जरा संकोचून. मग स्वच्छ शब्दांत म्हणाली, "देवघरातला दिवा लाव." यंत्राने क्षणभर विचार केला आणि हिंदीत उत्तर दिले की देवघरमध्ये आकाश निरभ्र असून रात्री थोडी थंडी पडेल. झारखंडातले देवघर! तिथे वैद्यनाथाचे मोठे देऊळ आहे, हे आम्ही आईला हसत हसत सांगितले. ती म्हणाली, "असेल. आमचा वैद्यनाथ परळीचा. दिवा लावायचा की नाही त्याला?"

सगळे खूप हसलो. ही गोष्ट आम्ही मंडळाच्या कोजागरीलाही सांगितली, तिथेही लोक हसले. पण हसण्यासारखे तेवढेच होते.

त्यानंतरच्या आठवड्यात एके दिवशी आम्हा दोघांनाही घरी यायला उशीर झाला. मुलगी क्लासला गेली होती. साडेसातला दार उघडले तर घरात काळोख, आणि आई झोपाळ्यावर बसलेली. आम्ही घाबरून विचारले, "दिवा का नाही लावलास?" ती म्हणाली, "दोनदा सांगितलं, त्याला कळलं नाही. मग म्हटलं येतीलच एवढ्यात. बसले होते नाव घेत. काही बिघडलं नाही." भिंतीवरचे बटण बंद करून ठेवले तर स्मार्ट दिव्याला वीज मिळत नाही, म्हणून आम्हीच त्या बटणावर चिकटपट्टी लावली होती. म्हणजे पूर्वी जे तिला अडखळत का होईना करता येत होते, तेही आम्ही सोयीच्या नावाखाली काढून घेतले होते.

मुलीने आपल्या परीने उपाय शोधला. "आजी, त्याच्याशी हिंदीत बोल ना, सोप्पं आहे." तिने आजीला वाक्य पाठ करून दिले. आजीनेही केले. महिन्याभरात आई त्या डबीशी बऱ्यापैकी हिंदी बोलू लागली. आणि एका रविवारी आमच्या कानांवर आले की ती नातीशीही हिंदीत बोलते आहे. "लाइट बंद करो बेटा." नात तिला हिंदीतच उत्तर देत होती. दोघींनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

आम्हाला वाटले. या लेखाचे कारण तेच.

तीन-चार पिढ्या गुजरातेत काढून आपण मराठी टिकवली, ती काही ठराव करून टिकवली नाही. ती आजीच्या तोंडी होती म्हणून नातवंडांच्या कानी पडली. त्या एका धाग्यावर सगळे अवलंबून आहे. बाजारात, कचेरीत, बँकेत आपण दुसऱ्यांची भाषा बोलतो आणि आनंदाने बोलतो. पण घरातल्या माणसाने घरातल्या दिव्याशी बोलण्यासाठी भाषा बदलावी, हे आम्हाला पटत नाही. बदलायचेच असेल तर दिव्याने बदलावे.

आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे, आणि ते विचारी गृहस्थ आहेत म्हणून त्यांचे म्हणणे इथे देतो. ते म्हणतात, "बटणाला भाषा नसते, तेच त्याचं मोठेपण. आंधळ्याला, बहिऱ्याला, पाहुण्याला, कामवालीला, सगळ्यांना बटण दाबता येतं. तुम्ही आधी बटण काढून यंत्र आणलंत, मग यंत्राला मराठी शिकवायला निघालात. मुळात आणलंत कशाला?" याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्यांचे डोळे आणि गुडघे शाबूत आहेत त्यांनी बटणावरच राहावे, हे आम्हीही म्हणतो. पण ज्यांना उठणे जड जाते त्यांच्यासाठी ही सोय खरी आहे. आणि दुसरे असे की आपण आणू नये म्हटले तरी या वस्तू येणारच आहेत. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरच बसवून देऊ लागले आहेत. मग त्या कोणत्या भाषेत येणार, हा प्रश्न टळत नाही.

मोठ्या कंपन्यांनी काहीच केले नाही असे मात्र नाही. अलेक्सा भारतात २०१७ साली आली आणि २०१९ साली हिंदी शिकली. गूगलच्या सहायकाला फोनवर मराठी २०१८ सालापासून येऊ लागली, गुजराती त्यानंतर. २०२४ साली जेमिनीचे ॲप भारतात आले तेव्हा त्याच्या भाषांत मराठी आणि गुजराती दोन्ही होत्या. पण फोनला मराठी येणे निराळे आणि भिंतीवरच्या यंत्राला येणे निराळे. आई फोन हातात घेऊन कुलूप उघडून ॲप शोधणार असती, तर ती बटणापर्यंतही गेलीच असती.

शेवटी आम्ही दुसरा मार्ग धरला. होम असिस्टंट नावाची एक मोफत प्रणाली आहे. २०१३ साली सुरू झालेली, जगभरच्या हौशी लोकांनी वाढवलेली. ती पत्त्याच्या जोडाएवढ्या छोट्या संगणकावर घरातच चालते. २०२३ हे साल त्या मंडळींनी "आवाजाचे वर्ष" म्हणून वाहून घेतले होते आणि आपापल्या भाषेत घराशी बोलता यावे यासाठी अनेक भाषांच्या स्वयंसेवकांनी त्यात वाक्ये भरली. तिचा मोठा गुण म्हणजे आपल्याला हवी ती वाक्ये आपण स्वतः लिहून देऊ शकतो. कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

पहिले काम पडद्याचे. आईच्या खोलीत जुना टॅबलेट भिंतीला लावला. या प्रणालीत प्रत्येकासाठी वेगळा पडदा मांडता येतो आणि त्यावरच्या प्रत्येक बटणाला हवे ते नाव देता येते. मागे दिवा एकच, पुढे नावे तीन. आईच्या पडद्यावर मराठी, बेनच्या जुन्या फोनवर गुजराती लिपीत गुजराती, मुलीच्या फोनवर तिने स्वतः घातलेली नावे (ती इथे छापण्यासारखी नाहीत). दुरुस्तीचा, सेटिंगचा भाग मात्र आम्ही इंग्रजीतच ठेवला. अडले की मदत इंग्रजीतच मिळते आणि शब्द जुळले नाहीत तर शोधताना घोटाळा होतो. भाषेचा अभिमान कुठे धरायचा आणि कुठे नाही, हे आम्ही असे अनुभवाने ठरवत गेलो.

पडद्यावर पहिल्या दिवशी फजितीच झाली. "स्वयंपाकघरातला दिवा", "स्वयंपाकघरातला पंखा", "स्वयंपाकघरातला प्लग" अशी शुद्ध नावे आम्ही मोठ्या हौसेने घातली. चौकोन लहान, शब्द लांब. पडद्यावर तीन बटणे एकाखाली एक आली आणि तिन्हींवर लिहिलेले, "स्वयंपाकघ…". इंग्रजी 'किचन' त्यात मावत होते. ज्याने हे चौकोन आखले त्याच्या डोळ्यांपुढे आपले शब्द नव्हते, दुसरे काय! आम्ही खोलीचे नाव एकदाच वर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि खाली नुसते "दिवा", "पंखा" ठेवले, जोडीला चित्र. आईच्या चष्म्याला तेच बरे पडले.

मग नावांचा प्रश्न आला, आणि खरे सांगायचे तर या सगळ्या खटाटोपात आम्हाला सर्वांत जास्त गोडी त्यातच वाटली. पुढच्या खोलीला काय म्हणायचे? आम्ही "दिवाणखाना" लिहिले. आई म्हणाली, "दिवाणखाना राजवाड्यात असतो. आपली बाहेरची खोली." मुलगी म्हणाली, "हॉल." बेन म्हणाल्या, "आगळनो रूम." एकाच खोलीला चार नावे, आणि चारही बरोबर. सुदैवाने या प्रणालीत एका वस्तूला एक मुख्य नाव आणि त्याखाली हवी तितकी टोपणनावे देता येतात. म्हणून आम्ही शब्दकोशातून नावे घ्यायचे सोडले आणि एक आठवडा वही घेऊन नुसते कान उघडे ठेवले. कोण कशाला काय म्हणते ते टिपून घेतले. स्वयंपाकघराला बेन "रसोडुं" म्हणतात. मागच्या बाजूच्या मोरीला मुलगी "वॉश एरिया" म्हणते, आई "मोरी" म्हणते आणि आम्ही, वहीत बघितल्यावर कळले, दोन्ही म्हणतो.

क्रियापदांची गंमत तर वेगळीच. "चालू" आणि "बंद" हे शब्द मराठी, हिंदी, गुजराती तिघींना थोड्याफार फरकाने चालतात, त्यामुळे आमचे निम्मे काम आयतेच झाले. पण आई पंखा "लावते", टीव्ही "सुरू करते" आणि दिवा बंद करायचा असेल तर "मालव" म्हणते. देवघरातला असेल तर तेही नाही. तिथे विजेचा छोटा दिवा आहे, समई वेगळी. तरी त्यालाही ती "शांत कर" म्हणते. दिवा "विझव" असे आमच्या घरात कोणी म्हणत नाही, तुमच्याही घरी म्हणत नसतील. ही पाच-सहा रूपे यंत्राला एकेक करून लिहून द्यावी लागली. हिंदीवर ठेवलेल्या स्पीकरला यातले काय कळणार होते!

खरी अडचण मात्र व्याकरणाची निघाली, आणि इथे शाळेतल्या गुरुजनांना आनंद होईल. इंग्रजीत 'किचन' हा शब्द वाक्यात कुठेही टाका, तो 'किचन'च राहतो. हिंदीत "रसोई का", "रसोई में", शब्द सुटा राहतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना मूळ शब्दालाही वाकवतो. पंखा, पण पंख्याला. माळा, पण माळ्यावरचा. बाहेरची खोली, पण बाहेरच्या खोलीतला. यंत्र नाव शोधते "बाहेरची खोली" असे, आणि आई म्हणते "बाहेरच्या खोलीतला दिवा". यंत्राच्या दृष्टीने ही खोली घरात अस्तित्वातच नाही. दोन दिवस आम्ही डोके धरून बसलो. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "हे तर सामान्यरूप. आम्हाला आहे व्याकरणात." तिने पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी वही पुढे ओढली आणि घरातल्या प्रत्येक खोलीचे, प्रत्येक वस्तूचे सामान्यरूप लिहून काढले. देवघर, देवघरात, देवघरातला, देवघरातली. गच्ची, गच्चीवर, गच्चीवरचा. ज्या धड्याला ती "याचा उपयोग काय?" म्हणून नाक मुरडायची, त्याच धड्याने आमचे घर चालू लागले. वही अजून टॅबलेटच्या खाली खिळ्याला अडकवलेली आहे.

वेळेचे कामही असेच. "साडेसातला गीझर लाव," "पावणेआठला बंद कर," "दीड तासाने आठवण कर." साडे, पावणे, सव्वा, दीड, अडीच हे आपल्या रोजच्या जिभेवरचे आकडे. गुजरातीतही आहेत, हिंदीतही आहेत. आमच्या जोडणीत मात्र तयार मिळाले ते तास आणि मिनिटे, बस. पावणेआठ म्हणजे ७:४५, हे आम्ही हाताने लिहून दिले. गुजराती-मराठीचे जुने भांडण तर यात उठलेच. बेनचे "काले" म्हणजे बहुधा उद्या, आईचे "काल" म्हणजे गेलेला दिवस. त्यांच्यात या शब्दावरून वर्षानुवर्षे गोंधळ होतो आणि दोघी हसून सोडून देतात. यंत्राला हसता येत नाही, म्हणून वाराचे नाव घ्यायचे असे ठरवले.

ऐकण्याचे काय, असे कोणी विचारेल. उच्चार ओळखून त्याची अक्षरे करणारी प्रणाली लागते. आम्ही व्हिस्पर नावाची वापरली. ओपनएआयने ती २०२२ साली सर्वांसाठी खुली केली. सहा लाख ऐंशी हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांवर ती शिकवलेली आहे, असे तिच्या निर्मात्यांनीच लिहिले आहे. त्यातले इंग्रजीखेरीज ९६ भाषांच्या वाट्याला आलेले तास सुमारे १,१७,०००. त्या ९६ जणींच्या पंगतीत मराठीही आहे, गुजरातीही आहे. पानात किती पडले असेल याचा अंदाज आपण करू शकतो. तिला भाषा ओळखायला सांगितली तर आमच्या घरी ती मराठीला अनेकदा हिंदी समजते. लिपी एक, शब्द सारखे. म्हणून "हे मराठीच आहे" असे आधी ठरवून द्यावे लागते. या प्रणालीत प्रत्येक खोलीतल्या यंत्राला वेगळी भाषा नेमता येते, त्यामुळे ते जमले. आईच्या खोलीतले यंत्र फक्त मराठी ऐकते.

स्वयंपाकघरात आम्ही बेनसाठी गुजराती लावून पाहिली. ती काही साधली नाही. कुकरच्या शिट्ट्या, नळाचे पाणी, आणि बेनचे बोलणे चरोतर बाजूचे. चार वेळा सांगूनही पंखा लागला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "रेवा दो ने बेन, हुं स्विच दबावी दईश." आम्ही मुकाट्याने ते यंत्र उचलले. आता त्यांच्या फोनवर गुजराती बटणे आहेत आणि भिंतीवर साधे बटण आहे. त्या भिंतीवरचेच वापरतात. हो, चिकटपट्ट्या आम्ही सगळ्या काढल्या आणि जुन्या बटणाने स्मार्ट दिवाही चालेल अशी जोडणी वायरमनकडून करून घेतली. हे काम खरे तर सर्वांत आधी करायला हवे होते.

छोट्या संगणकावर मराठी ऐकायला वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो. हुकूम दिल्यापासून दिवा लागेपर्यंत पाच-सहा सेकंद जातात. आवाज इंटरनेटवरून बाहेरच्या मोठ्या संगणकाकडे पाठवला तर काम झटकन होते. पण आईच्या खोलीतले बोलणे घराबाहेर जावे, हे आम्हाला नको वाटले. आईला विचारले तर म्हणाली, "मला कुठं घाई आहे?" तोपर्यंत तिचा एक श्लोक होतो.

उत्तर कोणत्या आवाजात द्यावे यावरही घरात चर्चा झाली. यंत्राचा मराठी आवाज आईला "बातम्यांसारखा" वाटला. शिवाय ते तिला अहो म्हणणार की अगं? मुलीने तो प्रश्न निकालात काढला. तिने स्वतःच्या आवाजात तीन वाक्ये फोनवर टिपली आणि तीच आम्ही लावून दिली. आता दिवा लागला की भिंतीतून आवाज येतो, "लावला गं आजी." कळले नाही तर, "आजी, परत सांग ना." नात शाळेत असतानाही आई त्या आवाजाला "बरं बाळा" म्हणते.

वडोदऱ्यात राहून हे काम करताना आम्हाला एका जुन्या कामाची वारंवार आठवण झाली. सयाजीराव महाराज स्वतः मराठी, पण प्रजेची भाषा गुजराती म्हणून राज्याचा कारभार गुजरातीत चालवण्याकडे त्यांचा कल. त्यांच्या राज्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' नावाचा कोश निघाला. कचेरीत लागणारा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, फारसी आदी भाषांतले शब्द मांडायचे, अशी त्याची रचना. कारभाराचे शब्द कोणत्याही एका भाषेच्या कोठडीत अडकू नयेत, एवढी काळजी त्या काळात एका संस्थानाने घेतली. आमच्या खिळ्याला टांगलेल्या वहीची त्या ग्रंथाशी बरोबरी करण्याचा विचारही मनात नाही. पण ज्या शहरात हे झाले तिथल्या मराठी घरात यंत्र आले की आपण बिनतक्रार हिंदी-इंग्रजीवर बोट ठेवतो, याचा थोडा विचार व्हावा असे वाटते. यंत्र विचारते, "भाषा निवडा." आपण यादीत मराठी आहे का हेदेखील बघत नाही. आम्ही स्वतः बघितली, नाही दिसली, आणि पुढच्या क्षणी हिंदीवर बोट ठेवून मोकळे झालो. एकानेही दुकानदाराला विचारले नाही, की मराठी कधी येणार? मागणी नोंदवली जात नाही तिथे पुरवठा कोण करणार?

काही पालक म्हणतील की मुलांना पुढे इंग्रजीच लागणार आहे, यंत्राशी बोलता बोलता इंग्रजी सुधारली तर वाईट काय? वाईट काहीच नाही. आमच्या मुलीचा फोन इंग्रजीवरच आहे आणि तो तसाच राहील. आमचा आग्रह एवढाच की तिच्या सोयीची भाषा आजीवर लादली जाऊ नये, आणि आजीची भाषा ही "यंत्राला न कळणारी" म्हणून तिच्या मनात कमी प्रतीची ठरू नये. मुले फार लवकर हिशेब मांडतात. ज्या भाषेत सांगून दिवा लागतो ती खरी, ज्या भाषेत लागत नाही ती जुनी, असे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' नावाचा एक उपक्रम आहे. २०१७ साली सुरू झाला. त्यात कोणीही आपल्या भाषेतली वाक्ये वाचून आवाज दान करू शकतो आणि तो आवाज सर्वांना मोफत वापरता येतो. मराठी त्यात आहे. यंत्रांना पुण्या-मुंबईची मराठी जशी कळावी तशी बडोद्याचीही कळावी असे वाटत असेल, तर आपल्या आजी-आजोबांचे आवाज तिथे जायला हवेत. आई बसली होती एका दुपारी. पंधरा वाक्ये वाचली. सोळाव्या वाक्यात तिला व्याकरणाची चूक दिसली आणि तिने वाचायचे नाकारले.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी शाळेच्या संगणक कक्षात आम्ही हा सगळा पसारा घेऊन येणार आहोत. मुख्याध्यापकांनी दोन तास दिले आहेत. येताना आपल्या घरातल्या खोल्यांची नावे कागदावर लिहून आणा. कोशातली नकोत, घरात जी बोलली जातात ती. आजी-आजोबांना वेगळे विचारा, आणि घरात काम करणाऱ्या बेनना किंवा भाईंनाही विचारा. सामान्यरूपे मुलांकडून लिहून घ्या. आमच्या वहीत अजून एक जागा कोरी आहे. झोपाळ्याच्या वरच्या दिव्याला आई कधी "तो", कधी "वरचा" आणि कधी नुसते "अरे" म्हणते. तो दिवा अजून बटणानेच लागतो.